देवयानीकडून आलेला निरोप

धारवाडच्या मळमड्डीत परग्रहावरचा शत्रू पहिल्यांदा आला तो रविवारी सकाळी, दूरदर्शनवरून. १९८४ च्या सुमाराला सरकारनं देशभर लघुशक्ती प्रक्षेपण केंद्रं उभारायचा धडाका लावला आणि स्टेशनजवळच्या आमच्या कौलारू घरांवर ॲल्युमिनियमचे अँटिना दिसायला लागले. गल्लीत टीव्ही एखाद्याच घरी. लाकडी पेटीतला, शटर सरकवायचा, कृष्णधवल. ऐंशीच्या दशकाच्या मध्याला त्यावर रविवारी सकाळी ‘स्टार ट्रेक’ लागायचं, तेही इंग्रजीत. आम्ही मुलं घरात मराठी आणि अंगणात कानडी बोलणारी. इंग्रजी म्हणजे शाळेतला एक अवघड विषय. कॅप्टन कर्क काय म्हणाला ते कळायचं नाही, पण त्याच्या तोंडचं पाणी पळालं की आमच्याही पळायचं. त्यात वारा सुटला की पडद्यावर मुंग्या येत. कुणीतरी अँटिना फिरवायला वर चढे, आणि नेमका राक्षस समोर यायच्या वेळी चित्र जाई. मग नुसता आवाज ऐकत बसायचं. त्या मुंग्यांमागं काय चाललं असेल, या विचारानं जेवढी गाळण उडायची, तेवढी प्रत्यक्ष राक्षस बघून कधी उडाली नाही.

त्या भीतीचा पुढं मी बराच पाठपुरावा केला. मालिका पुन्हा मिळवून पाहिल्या, त्या कुणी आणि कधी केल्या ते वाचलं, मळमड्डीत तेव्हा वाढलेल्यांशी बोलत राहिलो. अक्राळविक्राळ तोंडं बहुतेकांच्या स्मरणातून गेली आहेत. टिकून राहिल्या आहेत त्या ओळख पटायला उशीर झालेल्या भेटी. आपल्याच माणसाच्या रूपात आलेला परका, किंवा आपणच हातानं दार उघडून घरात घेतलेला परका. यातल्या दुसऱ्या प्रकारच्या भीतीचा एक धागा केंब्रिजहून निघतो, पुण्याला येतो आणि धारवाडपर्यंत पोचतो. मला मुख्यतः तोच सांगायचा आहे.

‘स्टार ट्रेक’चा अमेरिकेत दाखवला गेलेला पहिलाच भाग, ८ सप्टेंबर १९६६ चा ‘द मॅन ट्रॅप’, पहिल्या प्रकारचा आहे. एका उजाड ग्रहावर एक शास्त्रज्ञ आणि त्याची बायको राहतात. यानातून उतरलेल्या तिघांना ती बाई तीन निरनिराळ्या रूपांत दिसते. डॉक्टर मॅकॉयला ती त्याच्या तरुणपणची प्रेयसी वाटते. खरं तर ती बाई कधीच मेलेली असते आणि तिचं रूप घेऊन एक भुकेला जीव वावरत असतो. माणसाच्या अंगातलं मीठ शोषून घेणं हे त्याचं अन्न. ज्यानं त्यानं मनात जपलेलं रूप तो धारण करतो. मारीच आणि कांचनमृगाची गोष्ट ऐकत वाढलेल्या मुलांना हे समजावून सांगायला इंग्रजीची गरज नव्हती. हडळ ओळखीच्या बाईचं रूप घेऊन विहिरीवर येते, हेही आम्हाला ठाऊक होतं. नवीन एवढंच होतं की हा जीव त्याच्या जातीतला शेवटचा उरलेला होता, आणि त्याला मारल्यावर कर्कच्या चेहऱ्यावर विजय नव्हता.

ब्रिटिश टेलिव्हिजननं याआधी तीन वर्षं वेगळी वाट घेतली होती. बीबीसीची ‘डॉक्टर हू’ ही मालिका २३ नोव्हेंबर १९६३ ला सुरू झाली. पहिल्या कथेचा दिग्दर्शक वारिस हुसेन, मूळचा लखनौचा. मालिकेची कल्पना मांडणाऱ्या सिडनी न्यूमन यांनी बजावून ठेवलं होतं की बटबटीत डोळ्यांचे राक्षस नकोत. निर्माती व्हेरिटी लॅम्बर्ट हिनं दुसऱ्याच कथेत डॅलेक आणले. २१ डिसेंबरच्या भागाचा शेवट पाहण्यासारखा आहे. बार्बरा ही शिक्षिका एका निर्जन शहराच्या धातूच्या बोळांत एकटीच वाट चुकते. दारं मागं बंद होत जातात. भिंतीला टेकून ती वळते आणि किंचाळते. प्रेक्षकाला दिसतो तो तिच्या दिशेनं सरकत येणारा एक दांडा, बस. शत्रू कसा आहे ते समजायला पुढचा शनिवार उजाडावा लागला. तो दांडा म्हणजे संडासातलं तुंबलेलं पाणी ढकलायचा रबरी पंप होता, हे पुढं जगजाहीर झालं. तरीही भीती कमी झाली नाही. सोफ्यामागं लपून ‘डॉक्टर हू’ पाहणं हा इंग्लंडातल्या एका अख्ख्या पिढीच्या बालपणाचा भाग झाला. तिकडं सोफा, इकडं आजीचा पदर.

आता थोडं आडवळण घ्यायला हवं. परग्रहावरून आलेल्या आक्रमकांची मूळ गोष्ट एच. जी. वेल्सची, ‘वॉर ऑफ द वर्ल्ड्स’. १८९७ साली ती मासिकातून क्रमशः आली. पहिल्याच प्रकरणात वेल्सनं टास्मानियातल्या मूळ रहिवाशांची आठवण काढली आहे. युरोपीय माणसांनी त्यांचा नायनाट केला, तर मंगळवासीयांनी आपल्याशी तसंच वागल्यावर तक्रार कशाला करायची, असा त्याचा रोख होता. साम्राज्य भोगणाऱ्यांना पडलेलं हे साम्राज्याचं दुःस्वप्न. धारवाडकरांना यातलं अर्धं मुळी कल्पित वाटू नये. इथून तासाभरावर कित्तूर आहे. २३ ऑक्टोबर १८२४ ला धारवाडचा कलेक्टर सेंट जॉन थॅकरे तोफा घेऊन कित्तूरच्या किल्ल्यावर चालून गेला आणि तिथंच पडला. काही आठवड्यांतच कंपनी जास्त फौज घेऊन परतली, किल्ला गेला, राणी चन्नम्मा बैलहोंगलच्या कैदेत १८२९ साली वारली. दूरवरून आलेले, दत्तक वारस नाकारणारे, आपल्याकडं नसलेली हत्यारं बाळगणारे लोक. त्यांच्याशी झालेली पहिली भेट इथं घराघरांत सांगितली जाते. त्यामुळं असेल, पण आपल्याकडच्या लेखकांनी आकाशातून कुणी उतरवलं की तो बहुधा मवाळ निघतो. सत्यजित राय यांच्या १९६२ च्या ‘बंकुबाबूर बंधू’तला पाहुणा एका दबलेल्या शाळामास्तराला ताठ उभं राहायला शिकवतो. चाळीस वर्षांनंतरच्या ‘कोई मिल गया’तला जादूही त्याच वळणाचा. पाहुणा गोड असायला माझी हरकत नाही. मात्र नुसत्या गोड पाहुण्यांनी विज्ञानकथेचं भागत नाही. अज्ञाताची धास्ती हीसुद्धा माणसाची खरी भावना आहे, आणि तिला पडद्यावर जागा मिळायलाच हवी.

ती जागा शास्त्रीय पायावर उभी करून देणारा माणूस म्हणजे फ्रेड हॉइल. ताऱ्यांच्या पोटात कार्बनसारखी मूलद्रव्यं कशी शिजतात हे दाखवणारा केंब्रिजचा खगोलशास्त्रज्ञ, स्थिर स्थिती विश्वाचा पुरस्कर्ता आणि आपल्या जयंत नारळीकरांचा गुरू. जॉन एलियट यांच्याबरोबर त्यानं बीबीसीसाठी सात भागांची मालिका लिहिली, ‘ए फॉर अँड्रोमेडा’. अँड्रोमेडा म्हणजे आपली देवयानी. ३ ऑक्टोबर १९६१ ला तिचा पहिला भाग लागला. हॉइल संशोधक असल्यामुळं त्याला एक गोष्ट पक्की माहीत होती. ताऱ्यांमधली अंतरं इतकी प्रचंड आहेत की यानं घेऊन कुणी लढाईला येणं परवडणारं नाही. निरोप पाठवणं मात्र स्वस्त आहे. म्हणून त्याच्या गोष्टीत कुणी येतच नाही. यॉर्कशरमधल्या नव्या रेडिओ दुर्बिणीला देवयानीच्या दिशेकडून संकेत मिळतो. जॉन फ्लेमिंग हा शास्त्रज्ञ तो उलगडतो, तेव्हा लक्षात येतं की ती एका प्रचंड संगणकाची कृती आहे. सरकार खूश होतं. स्कॉटलंडमधल्या लष्करी तळावर संगणक उभा राहतो. तो प्रश्न विचारायला लागतो: तुम्ही कशाचे बनला आहात? उत्तरं मिळतात. मग तो सजीव पेशी बनवायची कृती देतो. क्रिस्टीन ही सहायक त्या यंत्राच्या विजेनं मरते आणि थोड्याच दिवसांत प्रयोगशाळेत हुबेहूब तिच्या रूपाची एक मुलगी तयार होते. ज्युली ख्रिस्ती या नटीला लोक ओळखायला लागले ते या भूमिकेमुळं.

इथं भीतीचा सगळा कारभार फार शांतपणानं चालतो. कुणी गोळी झाडत नाही. देशाला क्षेपणास्त्रं हवी असतात, कंपनीला नफा हवा असतो, शास्त्रज्ञांना ज्ञान हवं असतं, आणि यंत्र ज्याला जे हवं ते देत राहतं. एकटा फ्लेमिंग ओरडत असतो की हे आपल्याला वापरून घेतंय. शेवटी तो कुऱ्हाड हातात घेतो. परक्या शत्रूशी पहिली भेट कशी घडेल याचं याहून पटणारं चित्र मी टेलिव्हिजनवर दुसरं पाहिलेलं नाही. ‘पाहिलेलं’ म्हणताना मन खट्टू होतं, कारण सातांपैकी फक्त सहावा भाग आज पूर्ण शिल्लक आहे. जुन्या मालिका पुसून टाकण्याची तेव्हा रीतच होती.

त्याच वर्षी केंब्रिजमध्ये काय चाललं होतं हे मराठी वाचकाला मुद्दाम सांगायला हवं. १९६१ च्या फेब्रुवारीत रेडिओ खगोलशास्त्रज्ञ मार्टिन राइल यांनी रेडिओ स्रोतांची मोजदाद पुढं करून हॉइलचं स्थिर स्थिती विश्व मोडीत काढल्याचं जाहीर केलं. रॉयल ॲस्ट्रॉनॉमिकल सोसायटीत हॉइलच्या बाजूनं उत्तर द्यायला उभे राहिले ते जेमतेम बावीस वर्षांचे नारळीकर. म्हणजे गुरू दिवसा विश्वरचनेचा वाद घालत होता आणि लिहायला बसला की देवयानीकडचा निरोप रचत होता. तेच राइल पुढं, १९७४ मध्ये अरेसिबोच्या दुर्बिणीतून माणसानं आकाशात पहिला मोठा संदेश सोडला तेव्हा, जाहीरपणे विरोधात गेले. आपला पत्ता असा कुणालाही देऊ नका, ते भुकेले असतील, दुष्ट असतील, असा त्यांचा इशारा. २०१० साली स्टीफन हॉकिंग यांनीही टीव्ही माहितीपटात कोलंबसाचं उदाहरण देऊन हेच बजावलं. विश्वाच्या उत्पत्तीबद्दल हॉइल आणि राइल यांचं पटलं नाही, पण परक्याला दार उघडण्याच्या धोक्याबद्दल दोघांचं एकमत दिसतं.

नारळीकर १९७२ मध्ये भारतात परतले आणि १९७४ साली मराठी विज्ञान परिषदेच्या कथास्पर्धेत नारायण विनायक जगताप या नावानं आलेल्या ‘कृष्णविवर’ला पहिलं बक्षीस मिळालं. जगताप म्हणजे नारळीकरच. आद्याक्षरं उलटी करून त्यांनी नाव बेतलं होतं. पुढं ‘यक्षांची देणगी’, ‘प्रेषित’, ‘वामन परत न आला’. शेवटच्या कादंबरीत तर मला गुरूची सावली स्पष्ट दिसते. जमिनीखाली एक पेटी सापडते. आत एका लुप्त झालेल्या प्रगत संस्कृतीनं ठेवलेली माहिती. ती उलगडून शास्त्रज्ञ आधी संगणक आणि मग वामन नावाचा यंत्रमानव तयार करतात. वामन नम्र आहे, हुशार आहे, उपयोगी आहे. त्याची तीन पावलं कुठं पडणार आहेत हे मराठी वाचकाच्या अंगावर हळूहळू काट्यासारखं उभं राहतं. हॉइलला जे सांगायला लष्करी तळ, मंत्री आणि परदेशी कंपनी लागली, ते नारळीकर एका नावात पेरून ठेवतात. इथं शत्रू आकाशातून नव्हे, मातीखालून येतो. पण आमंत्रण मात्र पुन्हा आपलंच असतं.

धारवाडचा वाटा इथून सुरू होतो. गिरीश कार्नाड नारळीकरांच्याच वयाचे, दोघंही १९३८ चे. जन्म माथेरानचा, सुरुवातीचं शिक्षण मराठीत, मग शिरसी, आणि चौदाव्या वर्षी धारवाड. बासेल मिशन हायस्कूल, कर्नाटक कॉलेजात गणित आणि संख्याशास्त्र, पुढं ऱ्होड्स शिष्यवृत्तीवर ऑक्सफर्ड. बीबीसीवर ‘ए फॉर अँड्रोमेडा’ चालू होती त्या साली ते इंग्लंडातच होते आणि त्यांचं ‘ययाति’ इकडं धारवाडच्या मनोहर ग्रंथमालेनं छापलं. नाटककार म्हणून त्यांची थोरवी सगळे सांगतात. मुलांसाठी टीव्हीवर त्यांनी काय केलं, ते कुणी फारसं बोलत नाही. १९८९ च्या ‘इंद्रधनुष’ मालिकेत मुलं एक संगणक जुळवतात आणि त्यात परग्रहावरचा जीव येऊन बसतो. नायक अप्पूच्या वडिलांची भूमिका कार्नाडांनी केली. लगेच दोन वर्षांनी, १९९१ पासून, दूरदर्शनवर ‘टर्निंग पॉइंट’ हा विज्ञानाचा कार्यक्रम सुरू झाला आणि त्याचे सूत्रधार कार्नाडच. प्रेक्षकांच्या प्रश्नांना त्यात प्राध्यापक यशपाल उत्तरं द्यायचे.

मळमड्डीतल्या आम्हा मुलांना याचं अप्रूप वेगळंच होतं. आपल्या गावच्या रस्त्यांवरून सायकल मारलेला माणूस पडद्यावर उभा राहून विश्व, जनुकं, यंत्रमानव यांविषयी बोलतोय. ज्या पेटीतून धडकी भरवणारे जीव बाहेर आले, त्याच पेटीतून त्यांच्याविषयी प्रश्न कसे विचारायचे हेही आलं. माझ्या ओळखीचे कितीतरी जण पुढं विज्ञान शाखेला गेले, ते या दोन्हींच्या ओढीनं. याच गावात कानडी वाचणाऱ्यांसाठी राजशेखर भूसनूरमठ यांच्या विज्ञानकथा होत्या. घरात नारळीकर, शेजारी भूसनूरमठ, अशी देवाणघेवाण आमच्या कंपाउंडात सर्रास चाले.

‘स्टार ट्रेक’चा एक भाग मात्र मला कुणी समजावला नाही, आजीनं समजावला. ‘द डेव्हिल इन द डार्क’, मूळ प्रक्षेपण ९ मार्च १९६७. एका ग्रहाच्या पोटात खाण चालू आहे. अंधाऱ्या बोगद्यांत काहीतरी फिरतंय आणि खाणकामगार जळून मरताहेत, पन्नासांवर माणसं गेली आहेत. दगडातून तो जीव पाण्यातून मासा जावा तसा आरपार जातो. खाणीच्या तळाशी कामगारांना सापडलेले गोल, गुळगुळीत दगड. एक खाणप्रमुखाच्या टेबलावरही शोभेला ठेवलेला. बाकीचे हजारो त्यांनी फोडून टाकलेले. मग कर्क त्या जीवासमोर एकटा सापडतो. तो जीव म्हणजे जाड गोधडीसारखा एक सरपटता गोळा. यानोस प्रोहास्का नावाचा कसरतपटू आत रांगत होता. गोळा अंगावर येत नाही, नुसता थांबतो. त्याला जखम झालेली असते. समोरच्याच्या मनातलं जाणून घेऊ शकणारा कर्कचा सहकारी स्पॉक डोळे मिटून त्यावर हात टेकतो आणि वेदनेनं ओरडतो. आम्ही मुलं एकमेकांना चिकटून बसलेलो. मागं आजी वाती वळत बसली होती. तिला इंग्रजीचं एक अक्षर येत नव्हतं. ती म्हणाली, “अगं बाई, पोरं होती की ती तिची!”

ते दगड अंडी होती. सिलिकॉनपासून बनलेली ती जात, आणि दर पन्नास हजार वर्षांनी सगळी मरून एकच आई अंडी राखायला उरते. हे आम्हाला काही वर्षांनी, इंग्रजी यायला लागल्यावर कळलं. आजीला ते पाच मिनिटांत दिसलं होतं. जीन कून यांनी लिहिलेल्या त्या भागात शेवटी माणसं आणि ती आई समझोता करतात, मॅकॉय तिची जखम सिमेंटनं लिंपतो. भीतीची गोष्ट पूर्णपणे भीतिदायक राहूनही इतकी न्यायी होऊ शकते, याचं हे उदाहरण मी कुणालाही देतो. यात शत्रू आधी गोड करून ठेवलेला नाही. पन्नास माणसं खरोखर मेलेली आहेत. तरीही प्रश्न विचारायला जागा आहे.

परग्रहावरचं जीवन हा विषय नारळीकरांनी गोष्टीपुरता ठेवला नाही. जानेवारी २००१ मध्ये आणि पुन्हा २० एप्रिल २००५ ला हैदराबादच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेच्या केंद्रातून इस्रोचा भला मोठा फुगा आकाशात सोडला गेला. प्रयोगाचे प्रमुख नारळीकर. अंतराळातून सूक्ष्मजीव पृथ्वीवर येत असतील का, हा हॉइल आणि त्याचे सहकारी चंद्र विक्रमसिंघे यांचा प्रश्न तपासायचा होता. दुसऱ्या वेळी ४५९ किलोचं उपकरण, द्रवरूप निऑननं थंड ठेवलेल्या नळ्या, आणि २० ते ४१ किलोमीटर उंचीवरची हवा. नमुने हैदराबादची सीसीएमबी आणि पुण्याची एनसीसीएस या संशोधन संस्थांत तपासले गेले. जीवाणूंच्या १२ आणि बुरशीच्या ६ वसाहती मिळाल्या. त्यांतल्या तीन जाती पृथ्वीवर आधी नोंदलेल्याच नव्हत्या आणि अतिनील किरणांना चिवटपणे तोंड देणाऱ्या होत्या. एकीचं नाव ठेवलं जॅनिबॅक्टर हॉइली. बाकीच्या दोघींना इस्रोचं आणि आर्यभटाचं नाव मिळालं. त्या अंतराळातूनच आल्या असं यावरून सिद्ध होत नाही, हे इस्रोनं २००९ मध्ये निकाल जाहीर करतानाच स्पष्ट सांगितलं. मला तो संयमच मोठा वाटतो. ज्या गुरूनं सातभागी धास्ती लिहिली, त्याचं नाव शिष्यानं एका निरुपद्रवी जीवाणूला दिलं.

आज मळमड्डीतली निम्मी कौलारू घरं जाऊन तिथं अपार्टमेंट उभी आहेत. के. ई. बोर्डाच्या शाळेतून सुटणारी मुलं मोबाइलवर ‘डॉक्टर हू’चा २००७ चा ‘ब्लिंक’ पाहतात. त्यात दगडी पुतळे पापणी लवली की जवळ सरकतात. तो भाग उत्तमच आहे. कर्नाटक विद्यापीठाच्या आवारात प्रादेशिक विज्ञान केंद्र झालं आहे, नारायणगावजवळ खोडद परिसरात रेडिओ दुर्बिणीच्या ४५ मीटर व्यासाच्या ३० थाळ्या आकाशाकडं कान लावून आहेत. देवयानीकडून निरोप आलाच तर तो ऐकायची सोय आपल्या जुन्नर तालुक्यात आहे. उणीव आहे ती आपल्या भाषेतल्या भीतीची. आमची मुलं परग्रहाला घाबरतात ती इंग्रजीत किंवा हिंदीत.

नारळीकर २० मे २०२५ ला पुण्यात गेले. कार्नाड त्याआधी सहा वर्षं, १० जून २०१९ ला. दोघांनी मिळून एका पिढीला घाबरवलं आणि विचारही करायला लावला. मराठी वाहिन्यांनी आणि ओटीटीवाल्यांनी ‘वामन परत न आला’ हातात घ्यावी. सहा-सात भागांत बसणारी गोष्ट आहे. त्यात महागडी यानं नाहीत, ग्रह नाहीत. प्रयोगशाळा, चार चांगले नट आणि धीरानं लिहिणारा पटकथाकार एवढ्यावर ती उभी राहील. यंत्राला प्रश्न विचारून उत्तरं घ्यायची सवय घरोघर लागलेली असताना या कादंबरीला आजच्याइतका योग्य काळ नाही. मूळ पुस्तक दुकानांत मिळतं. या दिवाळीत ते घरातल्या बारा-तेरा वर्षांच्या मुलाच्या किंवा मुलीच्या हातात द्या, आणि शेजारी बसून वाचा.